घराची बाधा आणि बाधेचा आकडा

नव्या घरात पाऊल ठेवताना माणूस थोडा बिचकतो. हिंदू घरात वास्तुशांत होते, आम्हा मुसलमानांच्या घरी कुराणखानी होते, ख्रिस्ती कुटुंब पाद्रीबाबांना बोलावून प्रार्थना करवून घेते. आधी इथे कोण राहत होते, त्यांचे पुढे काय झाले, हे शेजारीपाजारी हळूच विचारले जाते. ‘ती वास्तू लाभत नाही’, ‘ते घर बाधते’ असे कुणी म्हटले की शहाणासुरता माणूसही दोन पावले मागे सरतो. आज मी ज्या बाधेबद्दल बोलणार आहे ती भुताखेतांची नाही. ती रसायनाची आहे. भिंतीवरून बोळ्याने पुसून घेता येते, प्रयोगशाळेत मोजता येते. आणि तरीही न्यूझीलंडसारख्या शिकल्यासवरल्या देशात या मोजता येणाऱ्या बाधेपायी शेकडो गरीब कुटुंबांना घर सोडावे लागले. ते का घडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

मी कवी माणूस. पदवी बी. ए.ची, तीही मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या लिटमस कागदापलीकडे कधी गेला नाही. या विषयाकडे मी वळलो तो एका फोनमुळे. माझा भाचा नोकरीनिमित्त ऑकलंडला असतो. काही वर्षांपूर्वी त्याने विचारले, ‘‘मामू, भाड्याचे घर पसंत पडले आहे. पण एजंट सांगतो, भिंतींची मेथची चाचणी केली होती, आकडा दोन आला. घर घेऊ की नको?’’ मी म्हटले, ‘‘अरे, दोन म्हणजे काय? दोन किलो, दोन चमचे, का दोन रुपये?’’ त्यालाही सांगता येईना. तेव्हापासून मी या ‘दोन’च्या मागे लागलो.

प्रथम हे मेथ म्हणजे काय ते पाहू. आपल्या मेथीशी त्याचा काही संबंध नाही. मेथॲम्फेटामाइन हे लांबलचक नाव. लोकांनी ते कापून मेथ केले. स्फटिकासारखे दिसते म्हणून कुठे त्याला ‘आइस’ म्हणतात, न्यूझीलंडमध्ये नुसते ‘पी’. १८९३ साली नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले आणि १९१९ साली अकिरा ओगाता यांनी त्याचे स्फटिकरूप मिळवले. मेंदूला जबरदस्त चेतवणारे हे द्रव्य आहे. झोप उडते, भूक मरते, आणि व्यसन लागले की माणसाचे दात, काळीज, संसार सगळे कुरतडले जाते. अमेरिकेत त्याची पाच मिलिग्रॅमची गोळी काही मोजक्या विकारांसाठी डॉक्टर आजही लिहून देतात. हा पाचचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मेथमुळे घर दूषित होते ते दोन तऱ्हांनी. ही दोन घरे वेगवेगळी ओळखणे हीच या विषयाची किल्ली आहे.

पहिले घर भट्टीचे. आपल्याकडे जशी दारूची हातभट्टी लागते, तशी तिथे स्वयंपाकघरात, न्हाणीघरात किंवा गॅरेजमध्ये चोरून मेथची भट्टी लागते. सर्दीच्या साध्या गोळ्यांमधले स्यूडोएफेड्रिन हा तिचा एक कच्चा माल. म्हणून तर अमेरिकेने २००६ पासून या गोळ्या दुकानदाराच्या गल्ल्यामागे ठेवायला लावल्या आणि घेणाऱ्याचे नाव वहीत चढू लागले. भट्टीत नुसते मेथ नसते. तीव्र आम्ले असतात, दाहक अल्कली असतात, पेट घेणारे द्रावक असतात, आयोडीन असते, फॉस्फीनसारखा जीवघेणा वायू निर्माण होऊ शकतो. आग लागते, स्फोट होतात. उरलेला गाळ मोरीत, संडासात किंवा परसात ओतला जातो. वाफ भिंतींवर बसते, छतावरच्या पोकळीत शिरते, गालिचा, गादी, पडदे यांत मुरते. तिकडची घरे लाकडी सांगाड्याची आणि जिप्समच्या पाट्यांची; त्यांना ही वाफ चांगलीच चिकटते.

दुसरे घर ओढणाऱ्याचे. इथे भट्टी नसते. कुणीतरी मेथ ओढलेले असते. त्याचा धूर भिंतींवर अगदी पातळ बसतो. विडी-सिगारेटच्या धुराने जुन्या चाळीतले छत पिवळे पडते ना, त्यातलाच प्रकार, फक्त डोळ्यांना दिसत नाही इतका कमी. इथे आम्ल नाही, द्रावक नाही, विषारी वायू नाही. आहे तो केवळ अंश.

पहिल्या घराची भीती खरी आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली एक घटना २०१७ साली वैद्यकीय अहवालातून प्रसिद्ध झाली. एका कुटुंबाने घर विकत घेतले. तिथे पूर्वी मेथची भट्टी होती. पोलिसांना त्याचा सुगावा आधीच लागलेला होता, पण घेणाऱ्यांना ते कळले राहायला गेल्यानंतर. आईवडिलांना आणि मुलांना तब्येतीच्या तक्रारी सुरू झाल्या. तपासणीत त्यांच्या केसांमध्ये मेथ सापडले, आणि सर्वांत जास्त सापडले सर्वांत धाकट्या लेकराच्या केसांत. लहान मूल जमिनीवर खेळते, हात तोंडात घालते. घराचा मळ आधी त्याच्या पोटात जातो.

अशा घराचे करायचे काय? अमेरिकेच्या संसदेने डिसेंबर २००७ मध्ये यासाठी खास कायदा केला आणि तिथल्या पर्यावरण संस्थेने २००९ साली सफाईची मार्गदर्शिका काढली. तिचा क्रम कुठल्याही गृहिणीला पटावा असा आहे. आधी दारे-खिडक्या उघडून घर हवेशीर करायचे. काम घरच्यांनी नव्हे, हातमोजे, मुखवटे आणि शिक्षण असलेल्या माणसांनी करायचे. गालिचे, गाद्या, पडदे असे शोषून घेणारे सामान सरळ काढून टाकायचे. बारीक धूळ पकडणाऱ्या यंत्राने घर झाडायचे. मग साबणाच्या पाण्याने भिंती, छत, जमीन धुवायची, स्वच्छ पाण्याने खळबळायची, आणि हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हवा खेळवणाऱ्या नळ्या साफ करायच्या, मोऱ्या भरपूर पाणी सोडून धुवायच्या, शोषखड्डा तपासायचा. हे सगळे झाल्यावर पुन्हा चाचणी, आणि मगच रंग. घाणीवर आधीच रंगाचा हात फिरवून मोकळे होणे ही सफाई नव्हे, ती झाकपाक. दिवाळीला किंवा ईदला भिंती खरवडल्याशिवाय चुना मारला की काय होते ते आपण जाणतोच.

आता चाचणीकडे येऊ. कोविडने आपल्या सर्वांना ‘स्वॅब’ हा शब्द शिकवला. इथेही स्वॅबच, पण भिंतीचा. दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे तळहाताएवढा चौकोन आखायचा, द्रावकात भिजवलेल्या कापडाने तो पुसायचा आणि ते कापड प्रयोगशाळेत पाठवायचे. उत्तर येते मायक्रोग्रॅममध्ये. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जेवणातल्या मिठाचा एक बारीक कण साधारण साठ मायक्रोग्रॅमचा भरतो. म्हणजे माझ्या भाच्याचा ‘दोन’ हा तळहाताएवढ्या भिंतीवर पसरलेला मिठाच्या कणाचा तिसावा भाग होता. मघाची पाच मिलिग्रॅमची गोळी आठवा. ती पाच हजार मायक्रोग्रॅमची. भिंतीवर असे तळहाताएवढे चौकोन शेकडो असतात हे खरे. पण भिंत कुणी चाटत नाही. हाताला लागेल, त्यातले थोडे तोंडात जाईल, एवढाच हिशेब.

न्यूझीलंडमध्ये हा हिशेब बिघडला कसा? २०१० साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने भट्टीच्या घरांच्या सफाईसाठी मार्गदर्शिका काढली. सफाई झाल्यावर चौकोनात अर्ध्या मायक्रोग्रॅमहून जास्त मेथ उरता कामा नये, असा आकडा तिच्यात होता. तो मुद्दाम कडक ठेवलेला होता, आणि त्यामागे कारण होते. भट्टीतली सगळी विषे वेगवेगळी मोजणे अवघड आणि खर्चाचे. म्हणून मेथ हा खुणेचा पदार्थ धरायचा. मेथ इतके कमी झाले तर बाकीची विषेही धुतली गेली असे समजायचे. शिते धुवून निघाली की नाही यावरून भांडे घासले गेले की नाही हे ठरवावे, तसा तो प्रकार. तो आकडा शिताच्या विषारीपणाचा नव्हताच.

पण आकडा एकदा कागदावर आला की त्याला पाय फुटतात. अर्धा मायक्रोग्रॅम हा भट्टीच्या घराचा आकडा ओढणाऱ्याच्या घरालाही लागू झाला. पुढे पुढे तर भट्टी नाही, ओढल्याचा पुरावा नाही, केवळ संशय, अशा घरालाही. तिथल्या सरकारी गृहनिर्माण महामंडळाने, हाउसिंग न्यूझीलंडने, अमली पदार्थांना अजिबात थारा नाही असे धोरण धरले. चाचणीत अर्ध्याच्या वर आकडा आला की भाडेकरूला घर सोडायला लागायचे. काहींवर सफाईचा हजारो डॉलरचा खर्च बसवला गेला. काहींना वर्षभर दुसरे सरकारी घर नाकारले गेले. सरकारी घरात कोण राहते? आजारी, म्हातारे, एकट्या आया, माओरी आणि पॅसिफिक बेटांवरची गरीब कुटुंबे. खासगी घर त्यांना परवडत नाही म्हणूनच तर ती तिथे आलेली.

यात साधा न्यायही उरला नव्हता. भाडेकरू राहायला येण्याआधी घराची चाचणी बहुधा झालेलीच नसायची. मग सापडलेला अंश त्याचा, की त्याच्या आधीच्या भाडेकरूचा, की दोन रात्री मुक्कामाला आलेल्या पाहुण्याचा, हे ठरवणार कसे? मापे इतकी सूक्ष्म झाली आहेत की हातोहात फिरणाऱ्या नोटांवरही मेथचा अंश सापडतो. तरी आकडा आला की दोष राहणाऱ्याचा. त्यातच चाचणी करणाऱ्या आणि सफाई करणाऱ्या कंपन्यांचे पीक आले. या धंद्यावर धड नियंत्रण नव्हते. कधी चार-पाच खोल्यांतले स्वॅब एकत्र करून त्यांची बेरीज सांगितली जायची. खोलीगणिक थोडे थोडे असलेले मेथ बेरजेत मोठे दिसायचे. वर्तमानपत्रांतून ‘विषारी घरां’च्या बातम्या येत राहिल्या. घरमालक घाबरले, विमा कंपन्या घाबरल्या, घर विकत घेणारे घाबरले.

काही जण बोलत होते. मॅसी विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ निक किम २०१६ पासून जाहीरपणे सांगत होते की हा आकडा चुकीच्या जागी वापरला जातो आहे. जून २०१७ मध्ये नवे प्रमाणमान आले आणि अर्ध्याचा दीड मायक्रोग्रॅम झाला. खरा कलाटणी देणारा दिवस उगवला मे २०१८ च्या अखेरीस. पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार सर पीटर ग्लकमन यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्याचे सार असे : जिथे मेथ फक्त ओढले गेले त्या घरात नंतर राहायला आलेल्या माणसाला त्या अंशामुळे अपाय झाल्याचा पुरावा जगात कुठेच मिळालेला नाही. चौकोनात पंधरा मायक्रोग्रॅमपर्यंत काही त्रास होण्याची शक्यता फार कमी, आणि या पंधरात तीसपट सावधगिरी आधीच धरलेली आहे. तीसच्या वर आकडा गेला तर भट्टीचा किंवा बेसुमार ओढण्याचा संशय घ्यावा. भट्टीचा संशय नसेल तर चाचणी करण्यातच अर्थ नाही.

अर्ध्यापासून पंधरापर्यंत! तीसपटीचा फरक. या फटीत माणसांचे संसार पडले होते.

सप्टेंबर २०१८ मध्ये महामंडळाने जाहीर माफी मागितली. २०१३ ते २०१८ या पाच वर्षांत सुमारे ८०० भाडेकरूंना याची झळ पोहोचली होती. चाचण्या आणि सफाई यांवर दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला होता. भाडेकरूंवर बसवलेली सफाईची बिले माफ झाली आणि साधारणपणे अडीच ते तीन हजार डॉलरची भरपाई देऊ केली गेली. पण २०२१ साली तिथल्या लोकपालांनी, पीटर बोशिएर यांनी, पुन्हा चौकशी करून सांगितले की झालेल्या नुकसानीच्या मानाने हे पुरेसे नाही. घर सुटले म्हणजे नुसते छप्पर जात नाही. मुलांची शाळा सुटते, ओळखीचा दवाखाना सुटतो, उधारीवर दूध देणारा सुटतो. आणि ‘हे मेथवाले’ असा शिक्का बसतो, तो माफीच्या कागदाने पुसला जात नाही.

या प्रकरणाला मराठीत एक शब्द आहे, तो मला इंग्रजीत सापडला नाही. तो शब्द म्हणजे विटाळ. विष आणि विटाळ यांत फरक आहे. विषाला मात्रा असते. कमी असेल तर बाधत नाही, जास्त असेल तर मारते. विटाळाला मात्रा नसते. स्पर्श झाला की झाला. थेंबही तेवढाच आणि घागरही तेवढीच. चौदाव्या शतकात सोयराबाईंनी आपल्या अभंगात विटाळालाच प्रश्न विचारले होते. आपल्या समाजाने विटाळाच्या नावाखाली माणसे किती शतके वेशीबाहेर ठेवली हे मी नव्याने सांगायला नको. न्यूझीलंडमध्ये प्रयोगशाळा होती, मायक्रोग्रॅम होते, छापील अहवाल होते. पण ‘अजिबात थारा नाही’ असे म्हटल्याबरोबर मात्रेचा प्रश्न संपला आणि विषाचा विटाळ झाला. विटाळ झाला की माणूस आधी बाहेर जातो, चौकशी मागाहून होते.

भाड्याचे घर शोधताना मीही एका शहरात हे थोडे अनुभवले आहे. खोली पाहून झाली, भाडे ठरले, घरमालकांनी चहाही पाजला. मग नाव विचारले, आणि नाव सांगितल्यावर त्यांना आठवले की खोली कालच दुसऱ्या कुणाला दिली आहे. माझ्याजवळ दुसरीकडे जाण्याची ऐपत होती. ज्यांच्याजवळ ती नसते, त्यांच्यासाठी घराच्या दारावरचा प्रत्येक आकडा, प्रत्येक शिक्का जीवनमरणाचा असतो. म्हणून तो शिक्का मारणाऱ्याने दहादा विचार करायला हवा.

कुणी म्हणेल, हे सगळे सातासमुद्रापारचे. तसे नाही. मे २०२३ मध्ये ग्रेटर नोएडातल्या भाड्याच्या घरात मेथची भट्टी पोलिसांनी पकडली. महाराष्ट्रात मेफेड्रॉन म्हणजे ‘एमडी’ बनवणारे कारखाने नाशिकजवळ आणि दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला पकडले गेले. ते औद्योगिक जागांत होते, पण भट्टीला भाड्याची खोलीही चालते. घरमालकांनी एक कायदा लक्षात ठेवावा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे २५ वे कलम सांगते की आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणारा मालकही शिक्षेस पात्र ठरतो. ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करणे, करार लेखी करणे, अधूनमधून आधी कळवून जागा पाहणे, हे त्यावरचे साधे उपाय.

आणि संशय आलाच तर? रसायनांचा उग्र दर्प, सतत झाकलेल्या खिडक्या, भिंतीवर किंवा मोरीत पिवळे-तांबडे डाग, रिकाम्या डब्यांचे आणि नळ्यांचे ढीग, अशी लक्षणे एकत्र दिसली तर आत शिरू नये, काही हलवू नये, दिव्याचे बटणही दाबू नये. बाहेर येऊन पोलिसांना कळवावे. फिनेलची बाटली घेऊन स्वतः सफाईला लागणे हा तर जिवाशी खेळ.

चाचणीचा कागद हाती आला तर चार प्रश्न विचारावेत. घरात भट्टी होती, की कुणी ओढले होते? आकडा एका चौकोनाचा आहे, की अनेक खोल्यांची बेरीज? आधीची चाचणी आहे का? आणि चाचणी करणाराच सफाईचे कंत्राट घेणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर दुसऱ्याकडून चाचणी करून घ्यावी. भाच्याला मी हे चार प्रश्न लिहून पाठवले. भट्टीचा मागमूस नव्हता, आकडा पंधराच्या पुष्कळ खाली होता. त्याने घर घेतले.

आपल्या रोजच्या जगण्यात आता आकडे फार झाले आहेत. पाण्यातले क्षार, हवेतली धूळ, रक्तातली साखर, भाजीवरची औषधे. मोजणे वाईट नाही. मोजल्याशिवाय व्हिक्टोरियातल्या त्या लेकराचे दुखणे कुणाला कळले नसते. पण प्रत्येक आकडा कुणीतरी, कशासाठी तरी ठरवलेला असतो. तो कशासाठी ठरवला होता हे विसरून भलत्याच दारावर चिकटवला, तर तो मापाचे काम सोडून शिक्क्याचे काम करू लागतो. तेव्हा कुणी आकडा पुढे केला की घाबरण्याआधी एवढेच विचारावे : हा कशाचा, किती, आणि कुणाला बाधणारा?

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)